मूळव्याध आहे, असं कोणी पाहून सांगितलं?

(नागपुरात एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांचे समुपदेशक आणि कार्यकर्त्यांसमोर एका सर्जनने दिलेलं व्याख्यान, संपादित)

सेंटरवर आलेल्या माणसाचं आपण वजन करतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, बघतो, खोकला आहे का विचारतो. शौचाच्या जागेबद्दल आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही. आज मी त्याच जागेबद्दल बोलणार आहे. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या.

सरकारने 2004 मध्ये एचआयव्हीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा तिशीत असलेले, नेमाने गोळ्या घेणारे पुरुष आज पन्नाशीत आहेत. चांगलंच झालं. पण त्या वयाचे कर्करोगही सोबत आले, आणि त्यातला गुदद्वाराचा कर्करोग यांना इतरांपेक्षा फार जास्त होतो. एरवी तो वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. पुरुषांशी संबंध असलेल्या एचआयव्ही पॉझिटिव्ह पुरुषांत तो लाखात 85 च्या घरात सापडला, इतर पॉझिटिव्ह पुरुषांत 32. हे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत. पण विषाणू काही पासपोर्ट पाहत नाही.

हा विषाणू म्हणजे एचआयव्ही नव्हे, एचपीव्ही, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. बायकांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तोच, आणि इथेही 16 नंबरचा प्रकार सगळ्यात वाईट. प्रतिकारशक्ती कमी असली की तो शरीरातून जात नाही, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पूर्वी कधी फार खाली गेला असेल, तर आज रिपोर्ट उत्तम असूनही धोका उरतो. बिडी-सिगारेटने तो वाढतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं नाव मी इथे घेत नाही. त्याने आपल्या विदर्भाच्या तोंडाचं जे केलं आहे तेवढं पुरे.

या कर्करोगाआधी अस्तरात बदल होतात. ते काढून टाकले तर पुढचं टळतं का? अमेरिकेत ‘अँकर’ नावाच्या अभ्यासात हे तपासलं, निकाल 2022 मध्ये आला. पस्तिशीपुढचे, असे बदल सापडलेले चार हजार चारशेहून अधिक पॉझिटिव्ह लोक, त्यात स्त्रियाही. निम्म्यांवर उपचार केले, बहुतेकांचे बदल विजेने जाळून काढले. उरलेल्यांवर नुसती नजर ठेवली. उपचार झालेल्यांत 9 जणांना कर्करोग झाला, दुसरीकडे 21 जणांना. धोका निम्म्याहून जास्त उतरला. त्यानंतर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सांगितलं की, पुरुषांशी संबंध असलेल्या पॉझिटिव्ह पुरुषांची आणि ट्रान्स स्त्रियांची तपासणी 35 पासून सुरू करा, बाकी पॉझिटिव्ह लोकांची 45 पासून.

तपासणी म्हणजे आधी काडीने घेतलेला नमुना. त्यात काही निघालं तर दुर्बिणीतून पाहणं: आत ॲसिटिक ॲसिड लावायचं, पांढरा पडलेला भाग शोधायचा, त्याचा तुकडा काढायचा. स्त्रीरोग विभागात कॉल्पोस्कोपी होते, त्याच जातीचं यंत्र. यंत्र मिळेल, पण ते या जागी वापरायला शिकलेला डॉक्टर आपल्याकडे मिळणं कठीण. म्हणून मी उद्यापासून सगळ्यांच्या काड्या घ्या असं म्हणणार नाही. रिपोर्ट खराब आला आणि पुढे पाठवायला जागाच नसली, तर त्या माणसाची फक्त झोप जाईल. मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

मग उरतं बोट. शौचाच्या जागी बोट घालून तपासायचं, ज्याला आम्ही पीआर म्हणतो. हातमोजा, जेली, एक मिनिट. वर्षातून एकदा. कर्करोगाआधीचे बदल बोटाला कळत नाहीत, पण छोटी, टणक गाठ कळते, आणि छोट्या गाठीचं पुढचं सगळं वेगळं असतं. किमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देऊन ती बहुधा बरी होते, शौचासाठी कायमची पोटावर पिशवी लावायची वेळ येत नाही. हे उपचार 1970 च्या दशकापासून माहीत आहेत. रेडिएशनसाठी मुंबईला जायचीही गरज नाही. इथेच तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

आणि तरी हे रुग्ण उशिरा येतात. का? रक्त पडतं, खाज येते, काहीतरी हाताला लागतं, आणि माणूस स्वतःच म्हणतो, मूळव्याध आहे. रस्त्याने जाताना भिंतीभिंतीवर तीच पाटी. मलम मिळतं, इसबगोल मिळतं, सहा महिने जातात. पण मूळव्याध आहे, हे कोणी पाहून सांगितलं? बोट न लावता केलेलं निदान मी मानत नाही, मग ते सर्जनने केलेलं का असेना.

मघाशी एका ताईंनी विचारलं, लग्न झालेला माणूस आपले पुरुषांशी असलेले संबंध सांगणारच नाही, मग कोणाला पाठवायचं? नाही सांगितलं तरी चालेल. तो आकडा पुन्हा बघा, इतर पुरुषांतही 32. हा विषाणू तिथे पोचायला गुदमार्गाने संबंध यावाच लागतो असं नाही. म्हणून माझं मत असं की पस्तिशीपुढच्या प्रत्येक पॉझिटिव्ह पुरुषाला, कसलीही चौकशी न करता, तीनच गोष्टी विचारा: रक्त पडतं का, दुखतं का, गाठ लागते का. आणि उत्तर काहीही असो, वर्षातून एकदा पीआरला पाठवा. तज्ज्ञ बाकीच्यांसाठी 45 म्हणतात, मी दहा वर्षं आधी म्हणतोय, कारण आपल्याकडे खरं उत्तर क्वचितच मिळतं.

एचपीव्हीच्या लसीबद्दल थोडक्यात. पुण्याची सर्व्हाव्हॅक नऊ ते सव्वीस वयाच्या मुलग्यांनाही चालते. तरुण पोरं सेंटरवर येतात, त्यांच्याशी हा विषय काढा. आधीच झालेला संसर्ग लस घालवत नाही, तेवढं सांगा.

पाठवताना चिठ्ठीवर ‘मूळव्याध’ लिहू नका. ‘पीआर आणि प्रॉक्टोस्कोपी (नळीतून आत पाहणं) करावी’ असं लिहा. एखाद्याने एचआयव्ही आहे म्हणून हात लावायला नकार दिला, तर एचआयव्ही-एड्सबद्दलचा 2017 चा कायदा आहे, उपचार नाकारता येत नाहीत. तारीख, वेळ आणि त्या डॉक्टरचं नाव लिहून ठेवायला सांगा.