विंचवाचं बिऱ्हाड आणि एक चिठ्ठी

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण सहज म्हणतो. दक्षिण अमेरिकेतले विंचू पाळायचे असतील, तर ही म्हण अक्षरशः घ्या. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पांढुरकी पिल्लं तिच्या पाठीवर दाटीने बसलेली असतात. म्हणून रानातली गाभण मादी उचलली, की अख्खं बिऱ्हाड उचललं जातं.

दुर्मीळ म्हणवले जाणारे पुष्कळ विंचू मुळात एखाद्या छोट्याशा टापूतच राहतात. ओरोबोथ्रियुरस कुळीतले काही अँडीजमध्ये ४००० मीटरच्याही वर, दगडांखाली सापडतात. ब्राकिस्टोस्टर्नस पेरू, चिली, अर्जेंटिनाच्या वाळूत बिळं करतात. त्यांना उथळ डबा देऊन भागत नाही, खोल वाळू लागते. डोंगरावरच्याला तर उकाडाच सोसत नाही. जागा ओळखली, की निम्मी निगा तिथेच कळते.

आता अनान्टेरिसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या विंचवावर माझा फार जीव आहे. आपण 'नांगी टाकली' म्हणतो ते हार मानल्यावर. हा विंचू शत्रूने शेपूट धरली, की खरोखरच ती टाकून पळतो. २०१५ साली यावर शोधनिबंध आला. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, जखम भरते, पण शेपूट पुन्हा उगवत नाही. नांगीबरोबर गुदद्वारही जातं, कारण विंचवात ते शेपटीच्या टोकाकडे असतं. मग विष्ठा आत साठत जाते. तरीही असा नर काही महिने जगतो, मादीशी जुळूही शकतो. विंचू उचलताना चिमट्याने शेपूट धरायची सवय अनेकांना असते. इथे ती घातकच. मऊ ब्रशने त्याला हळूच पेल्यात ढकला.

पिवळा टिट्युस सेरुलाटुस मात्र छंदासाठी पाळूच नका. ब्राझीलमध्ये विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचं नाव सर्वांत पुढे आहे. शिवाय मादीला नर लागत नाही. एकटी निसटली तरी वसाहत उभी राहते. त्याच देशात १९९८ च्या ९६०५ क्रमांकाच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय रानातला प्राणी पकडणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे. 'कुठून आणला?' या प्रश्नाला नीट उत्तर न देणाऱ्याकडून मी विंचू घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

१५ मे २०१० रोजी ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बुतांतान या संशोधन संस्थेत आग लागली आणि सापांबरोबर कोळी-विंचवांचे जतन केलेले असंख्य नमुने जळाले. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. नवा विंचू पकडता येईल, पण त्या वर्षी, त्या दगडाखाली सापडलेला तो विंचू पुन्हा कुठून आणायचा? म्हणून तुमच्याकडचा विंचू मेला, तर फेकू नका. अल्कोहोलमध्ये ठेवा आणि बाटलीच्या आत चिठ्ठी टाका: मूळ गाव, उंची, तारीख, वाळूत होता की सालीखाली. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.