कमलाबाईंचे वाल

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी हे नाव निघालं की पाठोपाठ बेंगळुरूची गोष्ट निघतेच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत (हे त्यांचं लग्नाआधीचं नाव) भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि अखेर अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. ही गोष्ट सांगायलाच हवी. पण तिथेच थांबलो तर त्यांच्यावर दुसरा अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं. ज्या कामासाठी त्या भांडल्या, ते काम काय होतं?

बेंगळुरूत त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळलं. पेशीच्या श्वसनातलं हे प्रथिन. प्राण्यांमधलं त्याचं काम आधीच माहीत होतं, म्हणजे श्वसनाच्या बाबतीत बटाटा आणि आपण फार लांबचे नाही! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. इथलं त्यांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते थेट आपल्या स्वयंपाकघरातल्या कडधान्यांवर आहे. नीरेवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, ते अनेकांना ठाऊक असतं. वालाचं मात्र कुणी बोलत नाही.

वाल आपण कच्चे खात नाही. भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि मग बिरडं करतो. प्रथिनं पचवण्यासाठी आपलं स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करतं. वालासारख्या कडधान्यांत एक असं प्रथिन असतं, जे या ट्रिप्सिनला कुलूप घालावं तसं चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. दाण्यात प्रथिन भरपूर, पण पचायला जावं तर त्याच दाण्यातलं दुसरं प्रथिन आडवं येतं. कच्च्या दाण्यांवर वाढवलेल्या उंदरांची वाढ खुंटते, ती यामुळेही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात भारतीय कडधान्यांतले हे ट्रिप्सिनरोधक शोधले, वेगळे काढले, त्यांचे गुणधर्म तपासले. मोड आणल्याने हा अडथळा थोडाफार कमी होतो. तो मोडून काढते ती मुख्यतः शिजवण्याची उष्णता.

ज्या देशात प्रथिनांसाठी डाळींचा मोठा आधार असतो, तिथे हा प्रश्न किती मोठा आहे पाहा. दाण्यात किती ग्रॅम प्रथिन आहे, हे मोजणं सोपं. त्यातलं अंगी किती लागतं, हे मोजायला मेहनत लागते, आणि ती मेहनत त्यांनी केली. आज डब्यावरचे ग्रॅम वाचून प्रथिनांची भुकटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते: यातलं पचतं किती?

त्यांच्या विभागात वालातल्या आणखी एका प्रथिनावर काम झालं. रक्ताच्या तांबड्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करणारं हे प्रथिन, तेही नीट शिजवलं की निकामी होतं. याच जातीचं एक प्रथिन कुळथात आहे. ते ए रक्तगटातल्या ए१ उपगटाच्या पेशी निवडून चिकटवतं, आणि म्हणून ए१ आणि ए२ हे उपगट ओळखायला रक्तपेढ्या कुळथाचा अर्क वापरतात.