ज्यूराची पिवळी वाईन आणि तिचे सोबती

मित्रहो, वाईनबरोबर काय खावे याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा शिष्टाचाराच्या अंगाने बोलले जाते: मांसाला लाल, माशाला पांढरी. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत असलेल्या ज्यूरा प्रांतातील ‘व्हँ जोन’, म्हणजे पिवळी वाईन, या नियमात बसत नाही. तिचे सोबती कोण, हे तिच्या घडणीतच ठरलेले असते, म्हणून आधी ती घडण पाहू.

ही वाईन साव्हान्यँ या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून होते. एरवी वाईन पिपात मुरत असताना उडून गेलेल्या भागाची जागा वेळोवेळी नवी वाईन ओतून भरून काढतात, कारण हवा लागली की वाईन बिघडते, ही प्रत्येक वाईनवाल्याची धास्ती असते. व्हँ जोनचे पीप मात्र मुद्दाम तसेच सोडतात. मोकळ्या राहिलेल्या जागेत, वाईनच्या पृष्ठभागावर, यीस्टचा एक पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा, आणि हवा त्याच्यातून गाळूनच आत पोचते. कायद्याप्रमाणे ही वाईन तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत मुरावी लागते आणि त्यातील किमान ६० महिने ती या पापुद्र्याखाली असावी लागते. पीप काही खोल, थंड तळघरातच ठेवतात असे नाही. हवेशीर, ऋतूप्रमाणे तापणाऱ्या-गारठणाऱ्या जागाही पसंत केल्या जातात. इतके करूनही काही पिपे हातची जातात. एका लिटरमागे शेवटी साधारण ६२० मिलिलिटर उरते असे मानतात, आणि तिची बुटकी, रुंद खांद्यांची ‘क्लाव्हलँ’ बाटलीही तेवढ्याच मापाची असते. शातो-शालों या गावाच्या नावाने विकली जाणारी व्हँ जोन सर्वांत नावाजलेली. १९७४, १९८० आणि १९८४ या वर्षी तिथल्या उत्पादकांनी पीक आपल्या नावाला साजेसे नाही म्हणून ते नाव वापरलेच नाही. (शेजारचे आर्ब्वा हे लुई पाश्चर यांच्या बालपणाचे गाव. वाईन का बिघडते याचा अभ्यास त्यांनी तिथेच बसून केला, हे सहज सांगून ठेवतो.)

आता चवीकडे वळू. व्हँ जोन पूर्ण कोरडी असते, गोडव्याचा लवलेश नाही, आणि वासाला अक्रोड, सुके मसाले यांची आठवण देते. यामागे सोटोलॉन नावाचे एक द्रव्य आहे, आणि आपल्या मेथीदाण्याचा ओळखीचा वासही प्रामुख्याने त्याचाच. लोणच्याचा मसाला करताना मेथी तेलात परतली की घरभर जो वास पसरतो, त्याचा एक अंश या पेल्यात सापडतो. त्यामुळे फ्रेंच मंडळी तिच्या वर्णनात ‘करी’ हा शब्द वापरतात, त्याचे आपल्याला नवल वाटायला नको.

तिच्याजवळ सर्वप्रथम ठेवावे ते त्याच डोंगरांतील कोंते चीज. ते कच्च्या दुधाचे असते, किमान चार महिने मुरवतात, पण इथे वर्ष-दीड वर्ष मुरलेला तुकडाच घ्यावा. त्यात अक्रोडाचा वास उतरलेला असतो, शिवाय त्याचा खारटपणा आणि स्निग्धता वाईनची धार आवरतात. दुसरा पदार्थ म्हणजे मोरेल घातलेली कोंबडी. मोरेल म्हणजे आपल्याकडची काश्मीर-हिमाचलची गुच्छी, एक रानटी अळंबी. वाळलेली गुच्छी कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून जपून ठेवायचे, कारण तळाशी हमखास रेती बसते. कोंबडीचे तुकडे लोण्यात परतून त्यात वाईन आटवायची, मग गुच्छी, ते पाणी आणि भरपूर साय घालून मंद आचेवर शिजवायचे, आणि उतरवताना पुन्हा वाईनचा एक शिडकावा द्यायचा, कारण आधीच्या वाईनचा वास शिजताना बराचसा उडालेला असतो.

मेथीच्या नात्यावरून कोणी ही वाईन थेट आपल्या झणझणीत रश्शाबरोबर मांडील, तर मी हात धरीन. तिच्यातील अल्कोहोल १३ ते १५ टक्क्यांच्या घरात असते आणि त्याने तिखटाचा जाळ वाढतो. नारळाच्या दुधातील सौम्य कोंबडीबरोबर ती खुलेल, असे माझे मत आहे. पण गूळ घातलेल्या आमटीपुढे ती नुसतीच आंबट लागेल.

बाटली जेवणाच्या काही तास आधी उघडावी आणि वाईन १४ ते १६ अंशांवर ओतावी. फ्रिजमधून काढून लगेच ओतल्यास तिचा वास मिटूनच राहतो. उरलेली बाटली बूच लावून उभी ठेवली, तर काही आठवडे सहज टिकते: हवेने जे करायचे ते पिपातच करून झालेले असते.