निशाणी तागडीची

नमस्कार मंडळी.

आमचं घराणं सांगलीचं, हळदीच्या व्यापारातलं. सांगलीशेजारच्या हरिपूरला आमची पेवं होती. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. त्याच पुरात आमच्या वाड्यातली हिशेबाच्या चोपड्यांची पेटी भिजली. पानांचा लगदा झाला होता. माळ्यावर वेगळी पडलेली एकच चोपडी वाचली, आणि तिच्यापासून माझा शोध सुरू झाला.

चोपडी मोडी लिपीत. मला मोडीचं अक्षरही येत नव्हतं. शिकलो. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘दुर्मतीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध १’. शक लिहिलेलाच नाही! संवत्सरांची नावं साठ वर्षांनी परत येतात, म्हणजे हे साल १८०१, १८६१ किंवा १९२१, यांपैकी कुठलंही असू शकत होतं. उलगडा झाला तो आतल्या जमाखर्चात. रकमा ‘कंपनी रुपये’ अशा लिहिल्या होत्या. कंपनी सरकारनं सगळीकडे एकच रुपया पाडायला सुरुवात केली १८३५ मध्ये, आणि १९२१ ला कंपनी कुठली उरायला? तेव्हा साल ठरलं १८६१, शके १७८३. आणखी एक गंमत कळली. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं आणि संवत्सर बदलतं चैत्रात. त्यामुळे एकच चोपडी दुर्मतीत सुरू होऊन दुंदुभीत संपते. हे लक्षात आलं नव्हतं तोवर मी अर्धी पानं दुसऱ्याच वर्षाची समजत होतो.

चोपडीत धनी कोण हे कळलं, पण त्याच्या मागचे-पुढचे कोण? त्यासाठी हेळवी गाठले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या लोकांना हेळवी माहीत असतील. पूर्वी बैलावर बसून यायचे, सुगी झाली की. दारात दप्तर सोडायचं, मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, कोण कुठून उठून कुठे गेला, हे चालीवर वाचून दाखवायचं, नवीन जन्मलेल्यांची नावं चढवायची आणि धान्य, कापड, भांडं घेऊन पुढच्या घरी जायचं. आमच्या हेळव्यांनी सात पिढ्या एका दमात म्हटल्या. मी रेकॉर्ड करत होतो आणि माझे हात थरथरत होते. पण त्या सात पिढ्यांत बाई एकही नव्हती.

आमच्या घरात एक बोलणं चालत आलंय, ‘थोरलीनं पेवं राखली.’ ही थोरली कोण, तिचं नाव काय, कुणालाच सांगता येत नव्हतं. लग्नात सुनेचं नाव बदलायचं, माहेरचं पुसलं जायचं, सासरचं कागदावर यायचं नाही. अशा बाईला शोधायचं कुठे?

शेवटी त्र्यंबकेश्वरला गेलो. तीर्थोपाध्यांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की ते तुमची वही काढतात. आलेल्या माणसानं आपलं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव लिहायचं आणि खाली सही करायची, ही रीत. वही लांबट, लाल कापडात गुंडाळलेली. गुरुजींनी विचारलं, “कुठलं साल हवंय?” मी म्हटलं, “चोपडी १८६१ ची आहे गुरुजी, त्याच्या पुढचं बघू या.” पंधरा-वीस मिनिटं ते पानं उलटत होते. मग त्यांनी बोट ठेवलं.

चोपडीतल्या धन्याच्या नावामागे ‘कैलासवासी’ लागलेलं. त्याचे तीन मुलगे, तिघेही अज्ञान, म्हणजे वयात न आलेले. आणि पुढे ‘मातोश्री’ लिहून एक नाव. ते माझ्या आत्याचं नाव आहे! आत्याचं नाव कुणावरून ठेवलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी तिथूनच तिला फोन लावला. ती ऐंशीच्या पुढची. काही बोललीच नाही, नुसती रडली.

मजकूर गुरुजींच्या पूर्वजांच्या हातचा होता, बाईला लिहिता येत नव्हतं. तेव्हा असा माणूस सहीऐवजी निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर, व्यापाऱ्याची तागडी, बाईची बांगडी. या नोंदीखाली बांगडी नाही. एक आडवी रेघ, तिला दोन दोऱ्या आणि दोन पारडी. तागडी आहे ती. उजवं पारडं थोडं खाली गेलंय, शाई तिथे जरा फुटलीये.

त्या पानाचा फोटो मी आणलाय. तागडीच्या शेजारी मोडीतला एक शब्द आहे, तो मला अजून लागलेला नाही. पहिलं अक्षर ‘ह’ वाटतं. ‘हळद’ असावं असं मन म्हणतं, पण मनाचं ऐकून वाचायचं नसतं. आपल्यापैकी कुणाला मोडी येत असेल, कुणाच्या आजी-आजोबांनी शिकवली असेल, तर जेवणानंतर माझ्याजवळ या. भिंग मी बरोबर ठेवलंय.