अहाबाचा कारभारी ओबद्या

[दृश्य: शोमरोनची टेकडी, खाली कोरडा पडलेला ओढा]

गोष्ट बायबलमधली. इसवी सनापूर्वीचं नववं शतक. उत्तरेकडचं इस्राएल राज्य, राजधानी शोमरोन. पावसाचा पत्ता नाही, दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू आहे. राजा अहाब आपल्या वाड्याच्या कारभाऱ्याला म्हणतो, चल, सगळे झरे-ओढे पालथे घालू. गवत मिळालं तर घोडी-खेचरं तरी जगतील.

रयतेचा विषयच नाही! पण राजाची चिंता पोकळ नव्हती. इ. स. पू. ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत अहाबाचे २,००० रथ उतरले, असं त्याच्याविरुद्ध लढलेल्या असिरियाच्या राजानं, शल्मनेसर तिसऱ्यानं, शिळेवर कोरून ठेवलंय. आकडा फुगवलेला असेलही. शत्रू मोठा दाखवला की आपला पराक्रमही मोठा. पण रथ म्हटले की घोडे आले आणि घोड्यांना चारा.

गवत शोधायला राजा एका वाटेनं निघाला, ओबद्या दुसऱ्या. इतका विश्वासातला माणूस.

आणि याच माणसानं शंभर संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारी माणसं, लपवले होते. राणी ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांच्या जिवावर उठली, तेव्हा पन्नास-पन्नासांच्या दोन टोळ्या करून त्यानं त्यांना गुहांमध्ये ठेवलं, भाकर-पाणी पुरवलं.

[दृश्य: शाईनं लिहिलेलं खापर]

शोमरोनच्या वाड्यात १९१० साली अशी खापरं सापडली. अहाबानंतरच्या काही पिढ्यांची. मजकूर साधारण असा: दहावं वर्ष, अमुक गावाहून, अमक्याला, जुन्या द्राक्षारसाची एक घागर. अहाबाच्या कोठारातही असाच घागरी-घागरीचा हिशेब चालत असेल, तर शंभर तोंडांचा शिधा कुणाच्या डोळ्यावर न येता बाहेर काढणं एकट्याचं काम नव्हे. माझ्या मते, हिशेब लिहिणारा कुणीतरी सामील असणारच.

वाटेत ओबद्याला एलीया भेटला. पाऊस पडणार नाही, असं राजाला आधीच बजावणारा संदेष्टा. ‘जा, तुझ्या धन्याला सांग, एलीया इथं आहे.’

ओबद्याचं धाबं दणाणलं. राजानं एलीयासाठी देशोदेशी माणसं धाडली होती. आपण वर्दी द्यायची आणि हे महाराज तोवर गायब, मग मान कुणाची जाणार? काकुळतीला येऊन त्यानं शंभर जणांची हकिकतही सांगून टाकली. एलीयानं शपथ घेतली, ‘आजच राजासमोर येतो.’ तेव्हा कुठे तो निघाला आणि निरोप पोचवला.

पुढे कर्मेल डोंगरावर एलीया सगळ्या लोकांसमोर उभा राहिला. बाल या दैवताचे संदेष्टे साडेचारशे, म्हणाला, आणि परमेश्वराचा संदेष्टा मी एकटाच उरलोय. ओबद्याच्या शंभरांचा त्यानं उल्लेखही केला नाही.