सेव्हिंगमधले ५ लाख आणि होम लोनचं व्याज

नमस्कार मंडळी! हे माझ्या हातात आहे ना, हे माझ्या होम लोनचं पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट. लोन ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,३९१ रुपये. त्यातले ३५,४१७ गेले व्याजात, मुद्दलात फक्त ७,९७४! ही ओळ मी तीनदा वाचली. आणि तेव्हा माझ्या सेव्हिंग खात्यात ५ लाख नुसते पडून होते, अडीअडचणीला असू देत म्हणून, अडीच टक्क्यांवर. म्हणजे वर्षाला मला मिळणार साडेबारा हजार आणि तेवढ्याच ५ लाखांवर बँक माझ्याकडून घेणार साडेबेचाळीस हजार.

मग लोनमध्ये भरून टाकायचे का? भरा की. लोन आपल्या वैयक्तिक नावावर आणि फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असेल तर बँक त्यावर दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. फक्त अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. कारण सुरुवातीलाच ५ लाख भरून हप्ता तोच ठेवला तर लोन साधारण ५२ महिने आधी फिटतं आणि साडेसतरा लाखांच्या आसपास व्याज वाचतं, हप्ता कमी करून घेतलात तर वाचतात जेमतेम ५ लाख ४० हजार.

पण भरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि घरात म्हातारी माणसं असली की ही भीती खरी असते. म्हणून मी साधं लोन बदलून ओव्हरड्राफ्टवालं होम लोन घेतलं, म्हणजे जास्तीचे भरलेले पैसे लागतील तेव्हा परत काढता येतात असं. स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन ॲडव्हांटेज, हे त्यातलेच प्रकार. यात जास्तीचे पैसे लोनच्या खात्यात किंवा त्याला जोडलेल्या सेव्हिंग खात्यात ठेवायचे, व्याज रोजच्या बाकीवर लागतं, म्हणजे ५ लाख जितके दिवस तिथे आहेत तितके दिवस व्याज ५ लाखांनी कमी रकमेवर. आईचं ऑपरेशन अचानक ठरलं तेव्हा रात्री साडेदहाला हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मोबाईलवरून २ लाख काढले, कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता गोम कुठे आहे तर, या लोनचा दर बहुतेक वेळा थोडा जास्त असतो. समजा पाव टक्का जास्त, तर ५० लाखांवर वर्षाला साडेबारा हजार जादा गेले. सेव्हिंगचं बुडालेलं व्याज धरलं तर खात्यात कायम निदान २ लाख राहिले तरच तुम्ही बरोबरीत येता, फायदा त्याच्या पुढे सुरू. टॅक्स वाचतो म्हणून व्याज भरत राहू म्हणणाऱ्यांनी आधी आपली टॅक्स रिजीम जुनी की नवी ते बघा, नव्या रिजीममध्ये स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर सूट मिळतच नाही.

आणि पगार १ तारखेला येऊन १० तारखेला संपत असेल तर ओव्हरड्राफ्टच्या वाटेला जाऊ नका, साधं लोन घ्या आणि बोनस आला की मुद्दलात भरा.