हक्कसोड

(दृश्य: पुण्यातलं एक दुय्यम निबंधक कार्यालय. भिंतीलगत बाकडी. यंत्रावर टेकवलेला एका वयस्कर बाईचा अंगठा.)

घर किंवा जमीन वाटायची वेळ आली की आपल्याकडे बहिणींना इथं बोलावतात. भाऊ गाडी पाठवतो. वहिनी डबा करून देते. संध्याकाळी साडी मिळते. मधल्या दहा मिनिटांत एका कागदावर सही होते. त्या कागदाला म्हणतात हक्कसोडपत्र.

माझ्या आईनं ही सही केली तेव्हा मी बारावीत होते. आम्ही मराठी ख्रिस्ती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं आमच्यात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच ठेवला आहे, हे आईला माहीत होतं. तिच्या उशाशी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असायचं आणि त्यातली सलाफहादच्या मुलींची गोष्ट तिनंच मला सांगितली होती. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वारलेला, भाऊ नाही. या पाचजणी इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभ्या राहिल्या. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसलं जावं, आम्हाला वतन द्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मोशेनं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात.

ही गोष्ट गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. छत्तिसाव्या अध्यायात कुळातले पुरुष येतात. जमीन दुसऱ्या वंशात जायला नको म्हणून या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं, असं तिथं ठरतं. एकाच पुस्तकात नऊ अध्यायांच्या अंतरानं हक्क मिळतो आणि त्याला कुंपणही पडतं. आईला भाऊ होते, त्यामुळे तो जुना नियम तिच्या कामाचा नव्हता. पण कायदा तिच्या बाजूनं होता आणि पाच बहिणींचं धाडस तिला पाठ होतं. तरीही तिनं सही केली.

काही वर्षांनी आमच्या शेजारच्या खालांनीही केली.

(दृश्य: रेहालवर उघडलेलं कुराण. पानावरून सरकणारं बोट.)

कुराणातल्या चौथ्या सूऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नावच ‘अन्-निसा’ आहे, म्हणजे स्त्रिया. त्यातली सातवी आयत सांगते की आईबाप आणि जवळचे नातेवाईक जे मागं ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की फार, आणि हा वाटा ठरवून दिलेला आहे. चार आयती पुढं तो किती ते येतं: मुलाला दोन मुलींइतका. आजच्या डोळ्यांना हे अर्धं दिसतं, आणि ते अर्धंच आहे. पण इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्यानं मिळाला. कुराणानं तो सातव्या शतकात दिला होता.

खालांनी तो अर्धा वाटाही सोडला. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते अक्षरशः माझ्या आईचंच वाक्य होतं: “माहेर तुटायला नको.” त्या दिवशी कार्यालयात त्यांच्या पुढच्या नंबरावर एक हिंदू बाई होती. तिचंही कारण हेच असणार.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की पुण्यातल्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरांमधली बाईची जागा त्यांच्या ग्रंथांपेक्षा शेजाऱ्यांच्या घरावरून जास्त ओळखता येते. बायबल आणि कुराण शेजारी ठेवून कुठला धर्म बायकांना बरा, हे ठरवण्यात लोक रात्र घालवतात. ते करताना प्रत्येक जण आपल्या ग्रंथातली उत्तम ओळ दुसऱ्याच्या घरातल्या वाईट वागणुकीशेजारी ठेवतो. मी एकाच घरातला ग्रंथ आणि त्याच घरातलं वागणं शेजारी ठेवून बघणार आहे.

आधी अवघड ओळी, कारण त्या लपवून पुढं जाणं खोटं ठरेल.

बायबलमधल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, स्त्रीनं शिकवू नये आणि पुरुषावर अधिकार चालवू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेल्या पत्रात तिनं सभेत गप्प राहावं असं आहे. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातली चौतिसावी आयत पुरुषाला बायकोवर कर्ता ठरवते. बायको ऐकेनाशी झाली तर आधी समजावणं, मग अंथरूण वेगळं करणं, आणि शेवटी जो शब्द येतो त्याचा अर्थ बहुतेक भाष्यकारांनी ‘मारा’ असाच घेतला आहे. हलकं मारणं, नुसतं टेकवणं, दूर होणं, असे कितीतरी अर्थ पुढं लावले गेले. मला ते वाचताना दरवेळी अडखळायला होतं. त्याच परंपरेत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची साक्ष आहे की पैगंबरांनी कधीही कुठल्या बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही. मग नवऱ्याच्या हातात आयतीचा तेवढा एक शब्दच का राहतो आणि पैगंबरांचं वागणं का राहत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आमच्याकडेही तेच. मराठी ख्रिस्ती लग्नात इफिसच्या पत्राचा पाचवा अध्याय हमखास वाचतात. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. हे बाविसावं वचन. त्याच्या अगदी आधीचं, एकविसावं, सांगतं की एकमेकांच्या अधीन असा. पंचविसावं नवऱ्याला सांगतं की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. मी आजवर बसले त्या लग्नांत उपदेशाचा जोर बाविसाव्यावर होता. पंचविसाव्या वचनातला जीव देणारा नवरा कसा असतो, यावर कुणी पाळकसाहेब दहा मिनिटं बोलल्याचं मला आठवत नाही.

(दृश्य: नाना पेठेतून क्वार्टर गेटकडं जाणारा रस्ता, सकाळची गर्दी.)

व्यभिचारात पकडलेल्या बाईला दगडांनी मारायला आणलं तेव्हा येशूनं सांगितलं, तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा. सगळे एकेक करून निघून गेले. ही गोष्ट मानणाऱ्या राज्यकर्त्यांनी १८६९ साली हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काहीतरी दाखवावं लागे. हा भेद २००१ साली गेला. तोवर १३२ वर्षं, तीन-चार पिढ्या, आमच्या बायका तसंच निभावत राहिल्या.

केरळात तर मेरी रॉय या ख्रिस्ती बाईंना वडिलांच्या मालमत्तेतल्या वाट्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तिथल्या जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळे. १९८६ साली त्या जिंकल्या.

आता तलाक. कुराण सांगतं की तलाक दोनदा. मग रीतीनं नांदवा, नाहीतर भलेपणानं सोडा. वाद झाला तर दोन्हीकडचा एकेक पंच नेमा, असंही सांगतं. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला दाराबाहेर काढण्याला मुसलमान धर्मशास्त्रातच ‘तलाक-ए-बिदत’ म्हणतात. बिदत म्हणजे मागाहून घुसलेली नवी रीत. नावातच कबुली आहे, तरी शेकडो वर्षं ती चालली. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ती तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी निकालात लिहिलं की जे कुराणात वाईट आहे ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही.

या निकालाच्या मागं पुण्याची बरीच वर्षं आहेत. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून मुंबईत विधानसभेवर सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला. सातच. त्यात त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. दलवाई कुराणातून पुरावे काढत बसले नाहीत. बाईचा हक्क संविधानातून येतो, आयतीचा दाखला कशाला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मी ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला आहे. पण खालांसमोर बसले की जाणवतं, त्यांना संविधानाइतकीच आयतही हवी असते. आपला देव आपल्या विरोधात नाही, एवढं तरी त्यांना कळायला हवं असतं.

मेहेरचंच बघा. कुराणानुसार ती बाईची स्वतःची रक्कम, नवऱ्यानं आनंदानं द्यायची. आपल्याकडे ती निकाहनाम्यावर नावापुरती राहते आणि हुंडा उलट दिशेनं वाहतो. नवरा वारला की मय्यतीपाशी बायकोच्या कानात कुणीतरी सांगतं, मेहेर माफ कर, त्यांची सुटका होऊ दे. ज्या वेळी बाईला शुद्ध नसते नेमक्या त्या वेळी तिच्याकडून हे हक्कसोडपत्र तोंडी घेतलं जातं.

(दृश्य: जुम्म्याची नमाज. मशिदीबाहेर चपलांच्या रांगा, सगळ्या पुरुषांच्या.)

२०१९ साली पुण्याच्या एका दांपत्यानं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: बायकांना मशिदीत नमाज पढू द्या. पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात लिहिलं की इस्लाममध्ये बायकांना मशिदीत यायला मनाई नाही. मग एवढ्या मशिदींत बाईला वुजू करायलाही, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायलाही, जागा का नाही?

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, त्यांचं सरळ वाक्य आहे: अल्लाच्या दासींना अल्लाच्या मशिदींपासून अडवू नका. खलिफा उमर यांची बायको मशिदीत जायची. तुमच्या नवऱ्याला हे आवडत नाही, तरी का जाता, असं तिला विचारलं गेलं. तिनं उलट विचारलं, मग ते मला मना का करत नाहीत? कारण हेच वाक्य. एवढा दरारा असलेला माणूस, पण या वाक्यापुढं गप्प बसला. उमर यांचे चिरंजीव अब्दुल्ला यांनी हीच हदीस आपल्या मुलाला सांगितली, तर मुलगा म्हणाला, आम्ही तर अडवणारच. अब्दुल्लांनी त्याला असं फैलावर घेतलं की तसं रागावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मी तुला रसुलांचा शब्द सांगतो आणि तू म्हणतोस अडवणार?

आजोबा, बाप, नातू. ग्रंथातला शब्द आणि माणसाचं वागणं यांची फारकत व्हायला तिसरी पिढी पुरली. हजरत आयेशांचं एक वेगळं वचनही आहे, की आताच्या बायकांचं वागणं पैगंबरांनी पाहिलं असतं तर त्यांनी मनाई केली असती. अडवणारे तेच पुढं करतात. जो काही शोधायला निघतो त्याला ते सापडतं.

हे सगळं मी खालांना वाचून दाखवलं. त्या पंचाहत्तरीच्या. जन्मभर घरात नमाज पढली. उमर यांच्या बायकोचं उत्तर त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

(दृश्य: पुणे–दौंड रेल्वेमार्ग. केडगाव स्टेशन. मुक्ती मिशनची झाडी.)

पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यानं त्यांना याची माफी फार काळ दिली नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडच्या ख्रिस्ती लोकांनी काय केलं ते कमी सांगितलं जातं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का, अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यावर पत्रातून आश्चर्य व्यक्त केलं: माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं मी पुरुषांना शिकवण्यावर कधी आक्षेप घेतला नाही, आणि हे इंग्रज लोक घेतात! ज्या धर्मात त्या मोकळ्या व्हायला गेल्या, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी तीमथ्याचं ते वचन त्यांच्यापुढं धरलं, नाव न घेता.

त्यांनी धर्म सोडला नाही आणि मानही तुकवली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुण्यातलं शारदा सदन, मग दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावची मुक्ती, हे सगळं चालवत मूळ भाषांवरून आख्खं बायबल त्यांनी एकटीनं मराठीत आणलं, गावातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

छापखाना इथलाच होता आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्या इथल्याच बायका. कुणी दुष्काळातून आलेली, कुणी टाकलेली, कुणी बालविधवा. तीमथ्याच्या पत्राचा दुसरा अध्याय रमाबाईंनी गाळला नव्हता. स्त्रीनं शिकवू नये, हे वाक्य एका बाईनं ग्रीकमधून मराठीत आणलं. तिच्याकडूनच वाचायला शिकलेल्या दुसऱ्या बाईनं इथं कुठंतरी उभं राहून त्याचा एकेक खिळा उचलला, ओळ भरली, शाई लावली आणि पुढचं पान घेतलं.

(दृश्य: छापील पानावरची अक्षरं, अगदी जवळून. आवाज थांबतो.)